हुकूम की शिफारस?

मशिदीला लागून एक खोली असते. आमच्या गावच्या मशिदीलाही आहे. जनाजा नेण्याची खाट, रमजानात इफ्तारीला लागणारी मोठी पातेली, जमातीच्या हिशेबाच्या वह्या आणि गुंडाळून ठेवलेल्या चटया, एवढाच तिचा संसार. वर्षातून चार-दोन वेळा या चटया अंथरल्या जातात आणि त्यांच्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी संसार मांडला जातो. कुणाची सून माहेरी निघून आलेली असते, कुणी रागाच्या भरात तलाकचा शब्द उच्चारलेला असतो. कुणाच्या मेहरचा प्रश्न असतो, कुणाच्या दागिन्यांचा, कुणाच्या मुलाचा. पाच-सहा पुरुष बसतात, चहा येतो, आणि जमल्यास ईशाच्या नमाजपूर्वी प्रकरण ‘मिटवले’ जाते.

2014 च्या हिवाळ्यात अशा एका बैठकीला आम्ही पंच म्हणून बसलो होतो. शाळामास्तर बैठकीत असला म्हणजे तिला वजन येते, अशी समजूत आहे. जमातीचे सदर होते, पेशइमाम होते, दोन व्यापारी होते आणि आम्ही. समोर नवरा, त्याचे वडील आणि चुलते. मुलीचे वडील भिंतीशी गुडघे जवळ घेऊन बसलेले. मुलगी त्या खोलीत नव्हती. रिवाजाप्रमाणे ती पलीकडे इमामसाहेबांच्या घरात बायकांमध्ये होती. तिचा धाकटा भाऊ दोनदा तिच्याकडे जाऊन निरोप घेऊन आला. ती आत काय म्हणाली होती ते आम्हांला फार पुढे कळले. ती म्हणाली होती, तो मारतो, मला नांदायचे नाही. वडीलधाऱ्यांसमोर हे शब्द उच्चारायला पोराला लाज वाटली असावी. आमच्यापर्यंत निरोप पोहोचला तो एवढाच, की ‘आपा नाराज है’.

नाराजीचा इलाज आम्हांला ठाऊक होता. नवऱ्याने पुन्हा हात उगारणार नाही अशी कसम खाल्ली. सदर मुलीच्या वडिलांना म्हणाले, “भाईसाब, बेटी को समझाव. सबर करेगी तो अल्ला उसका घर आबाद करेगा.” आम्हीही मान डोलावली. फातेहा झाली. जमातीच्या वहीत ‘उभयतांत समेट झाला’ अशी नोंद केली गेली, आणि ती नोंद आमच्या अक्षरात आहे. ती मुलगी सातवीला आमच्या वर्गात होती, हेही सांगितले पाहिजे.

सहा वर्षांनी, 2020 साली, ती मुलाला घेऊन परत आली. डाव्या मनगटाचे हाड मोडून वाकडे बसलेले. भेटायला गेलो तेव्हा तिने कसलीही तक्रार केली नाही. चहा दिला आणि सहज बोलल्यासारखी म्हणाली, “सर, त्या दिवशी मला कुणी विचारलंच नाही.”

हा लेख त्या एका वाक्याभोवती आहे. समेट घडवणे हे पुण्याचे काम आहे असे आपण सगळेच मानतो. पण ज्या समेटात एका बाजूला कुणी विचारलेच नाही, त्याला काय म्हणावे? आणि विचारले, पण ‘नाही’ म्हणण्याची सोय ठेवली नाही, तर त्याला तरी काय म्हणावे?

तलाकच्या भांडणात मध्यस्थ बसवावा, ही कल्पना कुणी कोर्टातून आणून आपल्यावर लादलेली नाही. सूरे निसाच्या पस्तिसाव्या आयतीत ती आहे. पती-पत्नीत फूट पडण्याची भीती असेल तर एक हकम त्याच्या घरच्यांतून आणि एक तिच्या घरच्यांतून नेमावा, असा तिचा आशय. आम्ही ही आयत आयुष्यभर ऐकत आलो, पण तिच्यातला आकडा आमच्या लक्षात त्या मुलीच्या वाक्यानंतर आला. दोन हकम सांगितले आहेत. पाच नाहीत. आणि त्या दोघांतला एक तिचा. 2014 च्या खोलीत तिचा हकम कोण होता? तिचे वडील तर आरोपीसारखे बसले होते. आम्ही पाचही जण नवऱ्याच्या मोहल्ल्यातले, त्याच्या बापाच्या दुकानात उठबस असणारे. मराठीत ‘मध्यस्थ’ म्हणजे मध्ये उभा असलेला. आम्ही मध्ये नव्हतोच.

या हकमांचा अधिकार किती, यावर जुन्या फकिहांत मोठा वाद झालेला आहे. हनफी मत असे की ते पती-पत्नीचे प्रतिनिधी आहेत, त्यांनी अधिकार दिल्याशिवाय विवाह तोडण्याचा निर्णय त्यांना घेता येत नाही. मालिकी मत असे की ते निर्णय देणारे आहेत, वेळ पडल्यास वेगळेही करू शकतात. हजरत अलींची एक हकीकत दोन्ही बाजू सांगतात. एक जोडपे त्यांच्यासमोर आले. बाई म्हणाली, निवाडा माझ्या बाजूने होवो की विरुद्ध, मला मान्य. पुरुष म्हणाला, बाकी सगळे मान्य, पण वेगळे होणे मान्य नाही. हजरत अलींनी त्याला तिथेच अडवले आणि जसे तिने कबूल केले तसे तू कबूल केल्याशिवाय इथून जाता येणार नाही, असे बजावले. फकिहांनी या हकीकतीतून हकमांच्या अधिकाराचा प्रश्न काढला. आम्हांला तिच्यात दुसरेच दिसते. मध्यस्थीला बसायचे तर दोघांनीही सारखेच पणाला लावायला हवे. एकाने घर पणाला लावायचे आणि दुसऱ्याने फक्त अर्धा तास, असे चालणार नाही.

थोडे विषयांतर होईल, पण याच आयतीने एकदा राजकारणही केले आहे. इसवी सन 657 मध्ये सिफ्फीनची लढाई हकम नेमून थांबवण्याचे ठरले, तेव्हा हजरत अलींच्याच सैन्यातला एक गट उसळला. निवाडा फक्त अल्लाचा, माणसे कोण निवाडा करणारी, असे त्यांचे म्हणणे. पुढे खारिजी म्हणून ओळखले गेले ते हे लोक. त्यांची समजूत काढायला इब्ने अब्बास गेले. नवरा-बायकोच्या भांडणात कुराणानेच माणसांना हकम केले आहे, मग एवढ्या मोठ्या रक्तपाताच्या प्रसंगी ते का चालू नये, असा युक्तिवाद त्यांनी केल्याचे इतिहासकार सांगतात. काही जण समजले, बाकीचे नाही. आजही कौटुंबिक न्यायालयातली मध्यस्थी म्हणजे शरियतीत ढवळाढवळ, असे कुणी तावातावाने सांगू लागले की आम्हांला ते बाकीचे आठवतात.

आपल्याकडचा कायदा या आयतीपर्यंत वळणावळणाने आला. हनफी परंपरेत स्त्रीला विवाहातून बाहेर पडण्याची वाट इतकी अरुंद होती की 1939 चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा करताना उलेमांनीच मालिकी मताचा आधार घेतला. मौलाना अशरफ अली थानवींनी त्याची तात्त्विक तयारी आधीच करून ठेवली होती. नवरा चार वर्षे बेपत्ता असेल, दोन वर्षे पोटगी देत नसेल, क्रूरपणे वागवत असेल तर बाईला न्यायालयात जाऊन विवाह रद्द करून मागता येऊ लागला. पुरुषाच्या तोंडी तलाकला मात्र अनेक वर्षे कुणी हात लावला नाही. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाईंनी सात स्त्रियांना घेऊन मुंबईत सचिवालयावर मोर्चा नेला, तेव्हा सातच का, असे हसणारे पुष्कळ होते. नंतर मे 2002 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठाने आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात शमीम आरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तलाकला सयुक्तिक कारण हवे आणि त्याआधी दोन्ही घरच्या हकमांकरवी समेटाचा प्रयत्न झालेला असायला हवा. जी आयत आपण वाजमध्ये ऐकून घरी येत होतो, ती न्यायालयाने अट म्हणून पुढे ठेवली. 22 ऑगस्ट 2017 रोजी एका दमातला तिहेरी तलाक रद्दबातल ठरला, आणि 2019 च्या कायद्याने त्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आली.

यानंतर एक नवी गोष्ट आम्ही आमच्या आसपास पाहिली. ज्याला बायको नको आहे तो आता तलाक देत नाही. तो तिला माहेरी सोडतो आणि वाट पाहतो. तिने कंटाळून ‘खुला’ मागावा, मेहर सोडावा, आणि याने उपकार केल्यासारखी सही करावी. खुला हा स्त्रीचा हक्क. साबित बिन कैस यांच्या पत्नीने पैगंबरांसमोर उघडपणे सांगितले की नवऱ्याच्या चारित्र्याबद्दल तक्रार नाही, पण त्याच्याबरोबर राहवत नाही. मेहरमध्ये मिळालेली बाग परत करशील का, एवढेच तिला विचारले गेले आणि ती मोकळी झाली. तिथे सोडून जाणारी ती होती, म्हणून बाग परत गेली. इथे घराबाहेर काढतो पुरुष, आणि बाग सोडायची बाईने! दिलेले परत उकळण्यासाठी बायकांना कोंडून छळू नका, असे त्याच सूरे निसात सांगितले आहे. तरी जमातीच्या खोल्यांत अशा खुलाचे कागद होत असतात आणि त्यावर ‘राजीखुशीने’ हा शब्द असतो. आमच्या विद्यार्थिनीकडेही असा एक कागद 2021 मध्ये पाठवला गेला. निकाहाच्या वेळी बांधलेला 51,000 रुपयांचा मेहर, जो कधी दिलाच नव्हता, तो ‘माफ’ केल्याचे त्यात आधीच लिहिलेले होते. फक्त सही राहिली होती.

तिने सही केली नाही. 2022 मध्ये ती जिल्ह्याच्या ठिकाणी कौटुंबिक न्यायालयात पोटगीसाठी गेली. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळाला. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, ही गोष्ट आपल्या मोहल्ल्यांत अजून पुरेशी पोहोचलेली नाही. गावात बोलणी सुरू झाली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे मराठीत सगळेच म्हणतात. आपल्यात त्याला आणखी एक धार असते. घरची लाज परक्यांपुढे मांडली, असे तिला म्हटले गेले. ही भीती निव्वळ खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. 1985 च्या शाहबानो निकालापासून आपल्यातला प्रत्येक तलाक देशाच्या चर्चेचा विषय होतो. शेजारच्या आळीत घटस्फोट झाला तर तो त्या दोघांचा असतो, आपल्यात झाला तर तो ‘त्यांच्या धर्माचा’ होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवावी असे वाटणे माणसाचे आहे. पण मुठीत कोण चिरडते आहे, हे झाकणाऱ्याला दिसत नाही. आम्हांला दिसले नव्हते.

न्यायाधीशांनी पहिल्याच काही तारखांत प्रकरण मध्यस्थीकडे पाठवले. दिवाणी प्रक्रिया संहितेत 2002 पासून तशी स्पष्ट तरतूद आहे, आणि कौटुंबिक न्यायालयांच्या 1984 च्या कायद्यात तर आधी समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच सांगितले आहे. आम्ही तिच्या वडिलांबरोबर गेलो होतो. आमच्या मनात पाप होते म्हणून गेलो, दुसरे काही नाही. वरच्या मजल्यावर एक खोली. उंच आसन नाही, काळा डगला नाही, मध्ये एक गोल टेबल आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मध्यस्थ म्हणून एक ज्येष्ठ वकीलबाई होत्या. आधी सगळ्यांना एकत्र बसवून त्यांनी सांगितले की इथे बोललेले बाहेर जाणार नाही, न्यायाधीशांकडेही जाणार नाही. समझोता झाला किंवा झाला नाही, एवढेच कळवले जाईल. मध्यस्थाने याहून अधिक काही न्यायालयाला कळवू नये असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितलेले आहे. मग आम्हां नातेवाइकांना बाहेर काढले, आणि दोघांना वेगवेगळे आत बोलावले.

आत काय बोलणे झाले ते आम्हांला ठाऊक नाही. ते गुप्त असते आणि असावे. तिने बाहेर आल्यावर स्वतःचा एक प्रश्न तेवढा सांगितला, आणि तो इथे लिहायची परवानगी दिली. तिने त्या बाईंना विचारले होते, “मी नाही म्हटलं तर चालंल का?” त्या म्हणाल्या, चालेल. मग मी न्यायाधीशांना कळवीन की समझोता झाला नाही, तुमचा खटला जिथे होता तिथून पुढे चालेल, आणि नाही म्हटल्याबद्दल कुणी तुम्हांला काही बोलणार नाही.

व्हरांड्यातल्या बाकावर हे ऐकताना आम्हांला बरीरा आठवली. ही हकीकत बुखारीत आहे आणि आपल्या वाजांत फार क्वचित येते. बरीरा गुलाम होती. हजरत आयेशांनी तिला मुक्त केले. तिचा नवरा मुगीस अजून गुलामच होता, त्यामुळे मुक्त झाल्यावर त्याच्याबरोबर राहायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क तिला मिळाला. तिने नाही ठरवले. मुगीस मदिनेच्या गल्ल्यांतून तिच्यामागे रडत फिरे, अश्रू दाढीवर ओघळत. ते पाहून पैगंबरांना दया आली आणि तू त्याच्याकडे परत गेलीस तर बरे, असे त्यांनी तिला सुचवले. बरीराने विचारले, हा तुमचा हुकूम आहे का? ते म्हणाले, नाही, मी फक्त शिफारस करतो. तेव्हा ती म्हणाली की मग मला त्याची गरज नाही. विषय तिथेच संपला. पैगंबर रागावले नाहीत. तिला बेअदब ठरवले गेले नाही. मुगीसचे अश्रू खरे होते, शिफारस करणारा जगातला सर्वांत आदरणीय माणूस होता, तरी तिचे ‘नाही’ चालले.

हकम, हुकूम, हाकिम हे एकाच धातूचे शब्द, आणि घोटाळा बहुधा तिथेच होतो. हकम म्हणून बसलेला माणूस चहाचा पहिला कप संपेपर्यंत हाकिम झालेला असतो. आम्ही 2014 मध्ये त्या मुलीला जे दिले ते शिफारशीच्या कपड्यातले हुकूम होते. सबर कर, हे ज्याला नकार देता येत नाही अशा माणसाने सांगितले की त्याला सल्ला म्हणता येत नाही. 2014 सालीच, जुलैमध्ये, सर्वोच्च न्यायालयाने दारुल कझा आणि फतव्यांबद्दल निकाल दिला होता. त्यांना कायद्याचे बळ नाही, ज्याला मानायचे त्याने खुशीने मानावे, कुणावर लादता येणार नाही, असा त्याचा आशय. तो निकाल म्हणजे शरियतीवर हल्ला, असे आम्ही तेव्हा जुम्म्यानंतर चर्चेत बोललो होतो. आज वाटते, न्यायालयाने आपल्याला बरीराच्या वेळची जागाच दाखवली होती. शिफारस करा, हुकूम करू नका.

याचा अर्थ जमातीची खोली वाईट आणि न्यायालयाची चांगली, असा कुणी काढू नये. न्यायालयातल्या मध्यस्थीतही हुकूम शिरतो. खटल्यांचा ढीग कमी करायचा असतो, म्हणून समझोता झाला की सगळे खूश. मुलाच्या तोंडाकडे बघा, जरा जुळवून घ्या, असे सांगणारे तिथेही भेटतात, आणि त्यांना दाढी नसते एवढाच फरक. बाई मार खाऊन आली असेल तर तिला त्याच्याच समोर बसवून मध्यममार्ग काढा म्हणणे क्रूर आहे. मार आणि न मार यांच्यामध्ये कसला मध्यममार्ग? सुलह चांगली, पण हरामला हलाल करणारी किंवा हलालला हराम करणारी सुलह चालत नाही, ही मर्यादा आपल्याकडे हदीसमध्येच घालून दिलेली आहे. त्या वकीलबाईंनी पहिल्या बैठकीनंतर नांदायला जाण्याचा विषय काढलाच नाही. पुढचे बोलणे फक्त नीट वेगळे कसे व्हावे याचे. चांगुलपणाने ठेवावे नाहीतर चांगुलपणाने सोडावे, असे सूरे बकरात आहे. आपली सारी मध्यस्थी पहिल्या अर्ध्यापाशी अडते. सोडण्यातही चांगुलपणा असू शकतो, हे आपल्याला पटत नाही.

मध्यस्थ कुठल्या समाजातला, यालाही आम्ही आधी फार महत्त्व देत होतो. वकीलबाई हिंदू. पण ‘खुला’ आणि ‘मुबारात’ यांत फरक काय, हे त्यांनी स्वतःहून विचारून घेतले. खुला लिहिला की बाईने काही सोडले असे गृहीत धरले जाते. मुबारातमध्ये दोघांनाही नको असते, म्हणून दोघांच्या संमतीने विवाह संपतो आणि मेहर सोडलाच पाहिजे असे नाही. नवऱ्याकडून आलेल्या मसुद्यात पहिला शब्द होता. अखेर कागदावर दुसरा आला. एका शब्दावर 51,000 रुपये अडलेले असतात, हे आमच्या जमातीच्या वहीला कधी कळले नसते. आणि आम्ही मुसलमान असून ते विचारले नव्हते. तमिळनाडूत पुदुक्कोट्टईला दाऊद शरीफा खानम यांनी या शतकाच्या सुरुवातीला बायकांची वेगळी जमात उभी केली, ती याच कारणाने. पुरुषांच्या जमातीत बाईचे प्रकरण चाले, पण बाईला बसायला जागा नसे.

चार बैठका, तीन महिने. मेहर पूर्ण द्यायचा ठरला, इद्दतीचा खर्च ठरला, तिचे भांडे-कुंडे आणि शिलाई मशीन परत, मुलगा तिच्याकडे, त्याच्यासाठी दरमहा रक्कम, बापाने पंधरा दिवसांतून एकदा भेटावे. मुलाची रक्कम कमी करून प्रकरण लवकर मिटवता येईल, असे कुणीतरी सुचवले होते, तेव्हा तिला सांगण्यात आले की मुलाची पोटगी हा मुलाचा हक्क आहे, आईला तो घासाघिशीत सोडून देता येत नाही. मात्र मागच्या तीन वर्षांची स्वतःची पोटगी तिने सोडली. न्यायाधीशांनी दोघांना समोर उभे करून स्वतः विचारले, समजले का, दबाव आहे का, आणि मग समझोता नोंदला.

ती तीन वर्षांची पोटगी आम्हांला खुपली. बसस्थानकावर आम्ही तिला तसे बोललोही. हा न्याय नव्हे, तुझा हक्क होता. ती म्हणाली, “सर, ते पैसे मिळवायला अजून तीन वर्षं त्याच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.”

इथे आमचा विचार अडखळतो. सुलह म्हणजे इन्साफ नव्हे. इन्साफात तिला सगळे मिळायला हवे होते. सुलहमध्ये तिने शांततेची किंमत स्वतःच्या खिशातून दिली. 2014 मध्येही ती हरली, 2023 मध्येही थोडी हरली. फरक एवढा, की दुसऱ्या वेळी काय सोडतो आहोत हे तिला ठाऊक होते आणि न सोडण्याची वाट उघडी होती. हा फरक लहान नाही असे आम्ही मानतो. पण तो पुरेसा आहे का? तिला अंतरिम पोटगी वेळेवर मिळाली असती, तर ती त्या खोलीत अधिक ताठ बसली असती. भावाने घरात जागा दिली नसती, शिवणकाम येत नसते, तर कदाचित त्या 2021 च्या कागदावरच सही झाली असती आणि तीही ‘राजीखुशीने’च. गरिबाची संमती वाकलेली असते. बरीराच्या हकीकतीतला जो तपशील आम्ही आधी नजरेआड केला तो आता पुढे येतो. ती नाही म्हणू शकली ती मुक्त झाल्यानंतर. आधी कुणीतरी तिची किंमत मोजून तिला मोकळे केले होते. शिफारशीला नकार देण्याची हिंमत केवळ स्वभावातून येत नाही, पायाखाली जमीन लागते. ती जमीन मध्यस्थ देऊ शकत नाही. ती बापाच्या घरात, शाळेत, कमाईत आणि पोटगीच्या वेळेवरच्या हुकमात असते. हा एक हुकूम मात्र हवा. न्यायाधीशाचा हुकूम मागे उभा असेल तरच पुढे शिफारशीला अर्थ राहतो, नाहीतर बलवानाची शिफारसच हुकूम होऊन बसते. म्हणून मध्यस्थीच्या 2023 च्या नव्या कायद्याचे आम्हांला स्वागत वाटते, आणि मध्यस्थी आली आता न्यायालयाची गरज काय, असे कुणी म्हणू लागले की धास्तीही वाटते.

मेहरची रक्कम ठरल्याप्रमाणे दोन हप्त्यांत आली. पहिला हप्ता आला त्या दिवशी आम्ही जमातीची जुनी वही काढून 2014 ची ती नोंद पाहिली. ‘उभयतांत समेट झाला.’ खोडावी असे मनात आले, पण वही जमातीची, आणि खोडून झालेले पुसत नाही. तिच्याखाली तारीख घालून एवढेच लिहिले, की या बैठकीत मुलीला विचारले गेले नव्हते. सदरांना ते आवडले नाही. वही आता त्यांच्याकडे असते.

मागच्या आठवड्यात पुन्हा निरोप आला. दुसरे घर, दुसरी सून, बैठकीला या. आम्ही म्हणालो येऊ, पण मुलगी चटईवर समोर बसलेली असेल आणि तिच्या बाजूने तिने निवडलेला माणूस असेल तर. बाई असली तरी चालेल. “मास्तर, ऐसा रिवाज नहीं है अपने में,” असे उत्तर मिळाले. आम्ही सूरे निसाचा आधार सांगितला. ते म्हणाले, बघतो.

बैठक शुक्रवारी जुम्म्यानंतर आहे. मुलीकडून कोण येणार, हे अजून कुणी कळवलेले नाही.